घरघर आणि माझं बोट

"लांबून," मामा म्हणाला. "फडकं लांबून मार. मशीनला हात लागता कामा नये."

लांबून फडकं कसं मारतात हे मला अजूनही कळलेलं नाही, पण त्या दिवशी मी विचारलं नाही. तेव्हा मी काहीच विचारत नसे. आता दहावीत आमच्या बाई मला म्हणतात, "ईश्वरी, बाकीच्यांच्या तोंडालाही जरा काम दे." पण ही गोष्ट आठवीतल्या ईश्वरीची आहे, आणि ती ईश्वरी हजेरीला 'हजर' म्हणायची तेही शेजारच्या बाकापर्यंत पोचायचं नाही.

एप्रिलचा शेवटचा रविवार होता. सोलापूरकडचं ऊन, दुपारचे तीन वाजलेले, आणि आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मी नि मामा दोघंच. पंखे बंद. पंखे मामानं मुद्दाम बंद केले होते, कारण घरघर पंख्यांमुळे येत असेल असा त्याचा त्या क्षणाचा संशय होता. त्याआधी ट्यूबलाइटवर संशय होता. त्याआधी माझ्या आईच्या मोबाईलवर, आणि आई तर तिकडे घरी झोपली होती.

घरघर म्हणजे काय ते सांगते. उमाकांतमामाकडे जुन्या रेकॉर्ड वाजवायचं मशीन आहे. खाली फिरणारी थाळी, तिच्यावर तबकडी, तबकडीवर सुई धरणारा लोखंडी हात. सुईचा आवाज अगदीच नाजूक, म्हणून तो शेजारच्या अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठा होतो आणि मग दोन स्पीकरमधून बाहेर येतो. मामा नोकरी करतो जनावरांच्या दवाखान्यात, ड्रेसर म्हणून. सहा दिवस म्हशींच्या जखमा धुवायच्या आणि रविवारी संध्याकाळी गावाला रेकॉर्ड ऐकवायच्या. त्याचं त्यानं 'श्रवण मंडळ' काढलं होतं. तिकीट नाही, भाषण नाही. यायचं, चपला दाराबाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं नि ऐकायचं.

पण संक्रांतीनंतर कधीतरी मशीनला ती लागली. घूंऽऽऽ. अखंड. गाणं जोरात असलं की मागे दडायची, हळू झालं की पुढे यायची. गायकानं आलाप सोडावा आणि मागून कुणीतरी पिठाची गिरणी सुरू ठेवावी, तसं.

"ही घरघर मी वॉर्डात ऐकलेली आहे," असं गोदूताई म्हणायच्या. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. "पेशंट सकाळ बघत नाही."

आणि पेशंटची सकाळ खरंच जवळ आली होती. वाचनालयाचे चिटणीस देशमाने सर. त्यांच्याकडे अबॅकसच्या क्लासवाल्यांनी रविवार संध्याकाळ मागितली होती. सर वाईट नव्हेत. ते मामाला स्पष्ट म्हणाले होते, "उमाकांत, लोक गाणं ऐकायला येत असतील तर हॉल तुझा. घरघर ऐकायला हॉल द्यायचा तर आमच्या घरी पाण्याची मोटर आहे. या रविवारी कमिटीचे दोघं येतील. स्वच्छ ऐकू आलं तर ठीक. नाहीतर मे महिन्यापासून अबॅकस."

म्हणून मामानं त्या दिवसासाठी सारंगीची तबकडी काढली होती. नुसती सारंगी, मारवा. ती इतकी हळू सुरू होते की घरघर असली तर पहिली दोन मिनिटं फक्त घरघरच ऐकायची.

"दुसरी एखादी लाव की जोरातली," मी मनात म्हटलं. मनातच.

मामानं पुन्हा मशीनच्या मागे डोकं घातलं. त्या लोखंडी हातापासून एक बारीक काळी वायर निघते आणि अँप्लिफायरच्या पाठीमागच्या स्क्रूखाली बसते. घरघर आली की आधी ती बघायची. मामानं ती सोडवली, टोक ब्लेडनं खरवडून चकचकीत केलं, पुन्हा आवळली. घूंऽऽऽ. स्पीकरच्या वायरी बदलल्या. घूंऽऽऽ. अँप्लिफायर मशीनपासून लांब सरकवला, दोन्ही प्लग एकाच बोर्डात घातले, स्पीकरची तोंडं भिंतीकडे फिरवली. घूंऽऽऽ, फक्त आता भिंतीकडून.

"बस्स," मामा म्हणाला आणि घामानं भिजलेल्या शर्टानं तोंड पुसायला खिडकीपाशी गेला.

मी फडकं लांबून मारत होते. फडक्याचं टोक सुईच्या हातात अडकलं. ते सोडवायला माझं बोट त्या लोखंडाला लागलं.

घरघर थांबली.

मला वाटलं, मोडलं. मी बोट काढलं. घूंऽऽऽ. पुन्हा लावलं. काहीच नाही. बाहेर सायकल गेली तिची घंटी ऐकू आली, खिडकीतला मामा नाकानं श्वास घेतोय तेही ऐकू आलं.

"मामा," मी म्हटलं.

त्याला ऐकू गेलं नाही. माझा आवाजच तेवढा होता.

"मामा."

तो वळला आणि माझं बोट बघून त्याचा चेहरा असा झाला की मी आयुष्यभराची फडकी खाली ठेवली असती. "हात लावलास? करंट लागला असता तर? तुझ्या आईला काय सांगू मी?"

"मामा, ऐक ना."

मग त्याला ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. तो दोन पावलं पुढे आला नि तिथंच थांबला, गाय उठेल म्हणून थांबावं तसा.

आधी त्यानं खिशातला टेस्टर काढून मशीनच्या सगळ्या लोखंडाला लावून बघितला. दिवा लागला नाही, करंट नव्हता. मग त्यानं स्वतःचं बोट लावलं. घूंऽऽऽ. मी लावलं. गप्प. त्यानं अंगठा लावला, तळहात लावला, दोन्ही हात लावले. घूंऽऽऽ. मी करंगळी लावली. गप्प.

"तुझ्या हाताला काय लावलंयस?"

"काही नाही. दुपारी आंबा खाल्ला."

मामा खरंच हात धुऊन आंबा शोधायला निघाला असता, पण तेवढ्यात गोदूताई आल्या. त्या नेहमीच आधी येतात, भिंतीची जागा पकडायला, काखेत उशी घेऊन. दारात चपला काढून त्या आत आल्या, आमचा प्रयोग दोनदा बघितला आणि उशी खाली टाकली.

"उमाकांत, यात विचार कसला करतोस? पोरीच्या हाताला गुण आहे."

"गोदूताई, मशीन आहे ते."

"मग? आमच्या वॉर्डात एक सिस्टर होती. रडणारं पोर कुणाकडं राहायचं नाही, तिच्याकडं दिलं की गप. तिनं काय अभ्यास केला होता त्याचा? गुण असतो. आणि नाव बघ तिचं. ईश्वरी."

सुगंधाबाई, वाचनालयाची झाडलोट बघणाऱ्या, ओली फरशी पुसत पुसत दारापर्यंत आल्या आणि पोचा तिथंच टेकवून बघत राहिल्या. "बाई गं," एवढंच म्हणाल्या. मग देशमाने सर आले. सरांनी चष्मा वर केला, कान पुढे केला, मला दोनदा बोट लावायला आणि दोनदा काढायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. खरं तर त्यांनाही अबॅकसचं नको होतं. अबॅकसवाला त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचा.

"घरघर गेली ना? झालं तर. एक खुर्ची आणा. ही इथं बसेल, बोट लावून."

"दर रविवारी?" मामानं विचारलं.

"दर रविवारी. पोर कुठं जातीय?"

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. पाच वाजले, लोक यायला लागले, आणि प्रत्येक माणूस आत आला की गोदूताई त्याला माझ्याकडे आणायच्या. "दाखव गं." मी बोट काढायची, घूंऽऽऽ. मी बोट लावायची, गप्प. लोक 'आँ' करायचे. ज्या हॉलमध्ये मी आजवर खांबामागं बसत आले होते, तिथं मी मधोमध, लाकडी खुर्चीवर. कमिटीचे दोघं आले, त्यांच्यातल्या जाड गृहस्थांनी मला नमस्कारच केला. मला चौदावं वर्ष लागलं होतं आणि आजवर मला कुणी नमस्कार केला नव्हता.

"कार्यक्रम झाला की माझ्या गुडघ्यावरनं हात फिरव," गोदूताई कानात म्हणाल्या. "उजव्या. डावा बरा आहे."

"गुडघ्याला नाही होणार," मी पुटपुटले.

"मशीनला होतं, गुडघ्याला का होणार नाही? गुडघा तरी जिवंत आहे."

मग देशमाने सर बोलायला उभे राहिले. भाषण नाही असा मंडळाचा नियम होता, पण कमिटी आली होती. सर वाचनालयाच्या स्थापनेपासून निघाले. अँप्लिफायर चालू होता, थाळी थांबलेली होती, माझं बोट लोखंडावर. सर पहिल्या ग्रंथपालांपर्यंत आले तेव्हा माझी पाठ अवघडली. मी जरा मागे रेलले आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या खालच्या दांडीवर ठेवले.

घूंऽऽऽ.

सर थांबले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोटाकडं बघितलं. बोट जागेवर होतं, लोखंडाला नीट टेकलेलं. मी ते जोरात दाबलं. घूंऽऽऽ. गडबडून मी पाय खाली टेकवले.

गप्प.

"हं," सर म्हणाले, आणि दुसऱ्या ग्रंथपालांकडे वळले.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच, हातावरची लव उभी राहिली ती मला दिसत होती. मी हळूच पाय उचलले. घूंऽऽऽ. खाली. गप्प. वर. घूं. खाली. सरांचं वाक्य मध्येच तुटायचं नि पुन्हा जोडलं जायचं. "एकोणीसशे... साली... वाचनालयानं..." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी खुर्चीसकट जमिनीत गेले असते. पण जमीन हाच शब्द माझ्या डोक्यात वाजत होता. बोट नव्हे. पाय. बोट तेच आहे, बदलतायत ते पाय. अनवाणी पाय, शहाबादी फरशीवर, आणि फरशी सुगंधाबाईंनी नुकतीच पुसलेली.

मी मामाच्या पायांकडे बघितलं.

त्या हॉलमध्ये चपला घातलेला एकच माणूस होता. विजेच्या वस्तूला हात लावायचा तर पायात रबर हवं, हे त्याला आजोबांनी लहानपणी कान पिळून शिकवलेलं, आणि ते बरोबरच आहे. मशीनला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. म्हणजे इतके महिने या मशीनला ज्यानं ज्यानं हात लावला त्याच्या पायात रबरी स्लीपरच होती.

"मामा," मी कुजबुजले. "चप्पल काढ."

"गप बस."

"मामा, माझा गुण नाहीये. पायाचं आहे. काढून बघ ना."

तो माझ्या खुर्चीशी वाकला. इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. "इशू," तो म्हणाला, "घरघर गेलीय. कमिटी खूश आहे. पाय खाली ठेव आणि आजचा दिवस निभावून ने. हॉल राहू दे, मग तू म्हणशील ते करू."

त्याचंही बरोबर होतं. मी बोट लावून बसले तर हॉल राहणार होता. मी तोंड उघडलं आणि चुकले तर हॉल जाणार होता, आणि हसं होणार होतं ते वेगळं. मी पाय खाली ठेवले. सर सध्याच्या कमिटीपर्यंत आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांमध्ये कमिटीचे जाड गृहस्थ उठून पाणी प्यायला गेले. हॉलच्या कोपऱ्यात स्टीलचा मोठा थंड पाण्याचा कूलर होता. त्याच्यासमोर एक लाकडी फळी टाकलेली असे. गृहस्थ फरशीवर उभे राहून हात पुढे करणार, तेवढ्यात सुगंधाबाईंनी त्यांना सवयीनं हटकलं. "साहेब, फळीवर चढून घ्या. नाहीतर मुंग्या येत्यात हाताला."

"मुंग्या?"

"झिणझिण्या ओ. संक्रांतीपासनं येतात. फळी टाकल्यापासनं नाही."

ते फळीवर चढले. निवांत पाणी प्यायले.

फळी आणि मामाची स्लीपर. मला दोन्ही एकदम दिसलं. आणि आदल्या दिवशी तिथंच बालविभागातली पोरं एकमेकांना फळीवरून ढकलत पाणी पीत होती तेही दिसलं.

मी उठून उभी राहिले. बोट सुटलं, घूंऽऽऽ झालं, आणि त्या घरघरीच्या वरून आवाज काढायचा म्हटल्यावर मला ओरडावंच लागलं.

"माझ्या हाताला गुण नाही."

हॉल माझ्याकडे वळला. माझे कान तापले. पण आवाज निघाला होता, आणि गंमत सांगते, तो माझाच होता, चांगला खणखणीत.

"ईश्वरी, बस," सर म्हणाले.

"सर, मी वायर आहे."

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले.

"म्हणजे माझं बोट मशीनला आणि पाय जमिनीला, म्हणून मी मधली वायर. आमच्या विज्ञानात आहे. मशीनमधला तो नको असलेला आवाज माझ्यातून जमिनीत जातो. पाय उचलले की वायर तुटते. पण सर, ते काम माझं नाहीच. त्याला खरी वायर असते, अर्थिंगची. ती जमिनीपर्यंत पोचत नसणार. आणि ती तुटलीय म्हणून कूलरला पण मुंग्या येतात. मशीन नुसतं घरघरतंय, पण कूलरला कुणीतरी चिकटेल. मी इथं बोट लावून बसले तर कूलरला कोण बोट लावून बसणार?"

हसणं थांबलं.

"उमाकांत," सर म्हणाले, "हिचं काय आहे?"

मामा माझ्याकडे बघत होता. त्याला माझा आवाज ओळखीचा वाटत नव्हता बहुतेक. मग तो खाली बघत एक पाय स्लीपरमधून काढता झाला. मग दुसरा. आधी त्यानं टेस्टर पुन्हा लावून बघितला, सवय ती. अनवाणी फरशीवर उभं राहून त्यानं बोट पुढं केलं आणि सुईच्या हाताला टेकवलं.

गप्प.

"उमाकांतला पण गुण आला की," गोदूताई म्हणाल्या.

"गोदूताई, तुम्ही या," मी म्हटलं. "या, लावा."

त्या उठल्या, उजव्या गुडघ्याला शिव्या देत आल्या, बोट लावलं. गप्प. त्यांनी बोट काढून त्याच्याकडे निरखून बघितलं, आणि मग ते हळूच आपल्या गुडघ्याला लावून बघितलं. "तिथं नाही चालत," असं जाहीर करून त्या उशीवर जाऊन बसल्या.

मामानं सगळ्यात आधी जाऊन कूलरचा प्लग उपटला. नंतर तो बोर्डाजवळून भिंतीवर बोट फिरवत निघाला, प्लगच्या जाड पिनेची हिरवी वायर कुठं जाते ते बघत. वायर खिडकीच्या चौकटीतून बाहेर गेली. मामा मागच्या दारानं बाहेर, त्याच्यामागं मी, माझ्यामागं सर, सरांच्या मागं कमिटी, आणि कमिटीच्या मागं अख्खं श्रवण मंडळ, दिवसभर तापलेल्या अंगणात, अनवाणी, चटके बसून नाचत.

भिंतीलगत सिमेंटचा एक चौकोन होता, त्यावर झाकण. झाकण काढलं. वायर नीट होती. पाइपला घट्ट आवळलेली. तुटलेलं काहीच नव्हतं. मामानं वायर ओढून बघितली, हलवून बघितली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खड्ड्यातली माती भेगाळली होती, वाळवंटासारखी. मी उकिडवी बसून हात घातला. नुसता फुफाटा.

"हिला पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

मग सुगंधाबाई म्हणाल्या, "मी घालायची. घालायची म्हणजे, फरशी पुसली की बादली हितंच ओतायची, जवळ पडतं म्हणून. मग सरांनी बंद केलं."

"कधी?"

"संक्रांतीला."

सरांनी चष्मा काढून पुसला. "भिंतीला ओल येत होती. आतल्या बाजूला संदर्भग्रंथांची कपाटं आहेत. वाळवी लागली असती." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मीच सांगितलं होतं. इथं एक थेंब सांडता कामा नये म्हणून."

मामा खड्ड्याकडं बघत म्हणाला, "कोरड्या मातीत कसलं अर्थिंग. नुसती पुरलेली वायर."

"आणा की मग पाणी," कमिटीचे जाड गृहस्थ म्हणाले, आणि स्वतःच बादली शोधायला धावले.

पुढचं सगळं मला एका दमात आठवतं. मामा पळत आत गेला, मशीनपाशी. मी खिडकीशी. सुगंधाबाईंनी पहिली बादली ओतली, ती मातीनं अशी घेतली की बुडबुडा वर आला नाही.

"कमी झाली?" मी खिडकीतून विचारलं.

"आहे," आतून मामा.

दुसरी बादली सरांनी आणली. धोतराचा सोगा भिजवत, दोन्ही हातांनी. "सावकाश ओता," गोदूताई म्हणाल्या. त्या गुडघ्यासकट बाहेर आल्या होत्या. "सलाइनसारखं. एकदम दिलं तर अंगी लागत नाही."

"मामा?"

"थोडी... नाही, आहे. आहे अजून."

लोकांनी रांग लावली. नळापासून खड्ड्यापर्यंत बादल्या हातोहात यायला लागल्या. माती आता गडद व्हायला लागली होती, कडेच्या भेगा मिटत होत्या, तापल्या मातीचा वास सुटला होता. माझी सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती.

"मामा?"

उत्तर नाही.

"मामा, काय झालं? आहे का?"

तरी उत्तर नाही. मी खिडकीचे गज धरून टाचा वर केल्या. मामा मशीनसमोर उभा होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून. कुणाचंच बोट कशालाच लागलेलं नव्हतं. तो स्पीकरकडे कान करून ऐकत होता, आणि मग त्यानं माझ्याकडे वळून नुसती मान हलवली. नाही.

आम्ही सगळे आत आलो, ओल्या पायांनी, सुगंधाबाईंच्या पुसलेल्या फरशीची माती करत. सरांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं की सकाळी वायरमनला बोलावून पक्कं काम करून घ्यायचं, भिंतीपासून लांब नवा खड्डा घ्यायचा आणि तोवर कूलर बंद. कमिटीनं माना डोलावल्या. मी खुर्ची उचलून कडेला ठेवली आणि सतरंजीवर गोदूताईंच्या शेजारी बसले.

मामानं तबकडी ठेवली. थाळी फिरायला लागली. त्यानं सुई अलगद टेकवली आणि मागे सरला.

काहीच आलं नाही.

आम्ही वाट बघितली. कमिटीचे जाड गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "लाइट गेली काय?"

"शूऽ," मामा म्हणाला.

आणि मग त्या काहीच नसलेल्यातून कुणीतरी श्वास घेतला. आमच्यापैकी कुणी नव्हे. तबकडीवरच्या माणसानं, गज तारेला लावायच्या आधी घेतात तसा. इतक्या रविवारांत तो कुणाला ऐकूच आला नव्हता. त्याच्यामागून सारंगीचा पहिला स्वर आला, केसासारखा बारीक, आणि हॉलभर पसरला.

देशमाने सर मामाच्या कानाशी झुकले. "उमाकांत, हॉल तुझा. अबॅकसवाल्यांना शनिवार सांगतो..."

"सर," गोदूताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "ऐकू द्या की."

सर सतरंजीवर टेकले.

मी आजूबाजूला बघितलं. कुणीही माझ्याकडं बघत नव्हतं. नमस्कार करणारे गृहस्थसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना थोड्या खाली, सगळ्यांचे कान तिकडे. माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते, चिखलानं माखलेले, कुणालाच नको असलेले. मला इतका आनंद झाला होता की हसू बाहेर पडून सारंगीत मिसळू नये म्हणून मी ओढणीचं टोक दातात घट्ट धरून ठेवलं.